डॉ. जॉन स्नो आणि भुलीचे माप

शरीरावर शस्त्र चालविण्यापूर्वी रोग्यास भूल देतात, ही गोष्ट आज लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु ती भूल किती द्यावी, रोगी गुंगीत किती खोल गेला हे कशावरून ओळखावे, आणि तो निजला म्हणजे त्याची वेदनाही निजली असे समजावे काय, हे प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतात. ज्या पुरुषाने हे प्रश्न प्रथम पद्धतशीरपणे हाती घेतले आणि तराजू, घड्याळ व काचेची बरणी यांच्या साहाय्याने त्यांची उत्तरे शोधली, त्या डॉ. जॉन स्नो यांचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्क नावाचे पुरातन शहर आहे. तेथे १५ मार्च १८१३ रोजी जॉनचा जन्म झाला. बाप मजुरी करून पोट भरणारा. नऊ भावंडांत जॉन सर्वांत वडील. अशा घरातील मुलाने वैद्यकीचे नाव घ्यावे हेच त्या काळी नवलाचे होते. तथापि मुलाची गणितातील गती व अभ्यासाची ओढ पाहून आईबापांनी पोटास चिमटा घेऊन त्यास चौदाव्या वर्षी न्यूकॅसल येथील हार्डकॅसल नामक शस्त्रवैद्याकडे उमेदवार म्हणून ठेविले. तेथे असतानाच इंग्लंडात पटकीची पहिली साथ आली, आणि किलिंगवर्थ येथील कोळशाच्या खाणीतील मजुरांची शुश्रूषा करण्यास या अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरास पाठविण्यात आले. त्या खाणीत जे पाहिले ते तो जन्मभर विसरला नाही.

याच सुमारास त्याच्या वाचनात शाकाहाराचा पुरस्कार करणारे एक पुस्तक आले, आणि त्याने मांसाहार सोडला. मद्याविरुद्धच्या चळवळीतही तो सामील झाला. इंग्लंडसारख्या देशात त्या काळी ही गोष्ट किती चमत्कारिक वाटत असेल याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करता येईल. पुढे प्रकृतीच्या कारणास्तव शाकाहाराचा नेम त्यास सोडावा लागला. परंतु राहणीतील साधेपणा व मितभाषीपणा शेवटपर्यंत टिकला.

१८३६ साली जॉन स्नो लंडनला गेले ते पायी. वाटेत लिव्हरपूल, वेल्स व बाथ असा मोठा वळसा घालून त्यांनी राजधानी गाठली. १८३८ साली शस्त्रवैद्याची परवानगी मिळाली, १८४४ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळाली. सोहो नामक वस्तीत फ्रिथ स्ट्रीटवर त्यांनी दवाखाना थाटला खरा, पण रोगी फारसे फिरकत ना. बोलणे थोडे, आवाज काहीसा घोगरा, श्रीमंतांच्या ओळखी नाहीत. मग धंदा चालावा कसा? रिकामा वेळ ते वेस्टमिन्स्टर वैद्यक मंडळाच्या सभांस हजर राहून आणि श्वासोच्छ्वासाविषयी प्रयोग करून घालवीत. जन्मतःच श्वास न घेणाऱ्या अर्भकांस कसे वाचवावे यावर त्यांनी १८४१ साली एक निबंध वाचला होता. हवा फुप्फुसात कशी जाते, रक्तात काय मिसळते, याचा अशा रीतीने अगोदरच झालेला अभ्यास लौकरच फळास आला.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रोग्यास वेदनेवाचून शस्त्रक्रिया सोसण्यास समर्थ केले. मॉर्टननेही हे औषध आधी आपल्या पाळलेल्या कुत्र्यावर करून पाहिले होते. ही वार्ता डिसेंबरात लंडनला पोहोचली आणि २१ डिसेंबर रोजी प्रसिद्ध शस्त्रवैद्य लिस्टन यांनी ईथरच्या गुंगीत एका मनुष्याचा पाय कापला. सर्वत्र आनंदीआनंद झाला. परंतु पुढच्या काही आठवड्यांत असे दिसून आले की, कोणास भूल चढते, कोणास चढत नाही. कोणी मेजावरच आरडाओरडा करतो, तर कोणी निपचित पडून राहतो. पुष्कळ शस्त्रवैद्य या औषधास कंटाळून पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळण्याच्या बेतात होते.

स्नो यांनी हा प्रकार पाहिला आणि त्यातील दोष तत्काळ ओळखला. ईथर हे द्रव आहे. रोग्याच्या फुप्फुसात जाते ती त्याची वाफ. हवा जितकी उष्ण तितकी तीत वाफ अधिक मावते. फारेनहाइटच्या पन्नास अंशांच्या हवेत जितकी ईथरची वाफ राहते तिच्या जवळजवळ दुप्पट ऐंशी अंशांच्या हवेत राहते. मग एकाच उपकरणाने थंडीच्या सकाळी एक परिणाम व्हावा आणि शेकोटीजवळ दुसरा व्हावा यात आश्चर्य ते काय? जानेवारी १८४७ मध्येच त्यांनी निरनिराळ्या उष्णतेस हवेत ईथरची वाफ किती राहते याचे कोष्टक तयार करून वैद्यक मंडळापुढे ठेविले, आणि पाण्याच्या भांड्यात बसविलेले एक धातूचे उपकरण बनविले. पाण्यामुळे उष्णता कायम राही, आतील नागमोडी वाटेने हवा वाफेने भरून येई, आणि तोंडावरील मुखवट्याच्या पडद्याने बाहेरची शुद्ध हवा हवी तितकी मिसळता येई. या एका युक्तीने वैद्याच्या हाती माप आले. थोड्याच अवधीत सेंट जॉर्जच्या रुग्णालयात व लिस्टन यांच्याकडे ईथर देण्यासाठी स्नो यांस बोलावणी येऊ लागली. कालपर्यंत ज्यांचा दवाखाना ओस असे, त्यांच्या हाती आता राजधानीतील मोठमोठे शस्त्रवैद्य आपले रोगी सोपवू लागले.

परंतु औषध मोजले म्हणजे त्याचा परिणाम मोजला असे होत नाही. गुंगी ही तराजूत घालता येत नाही. तीस माप लावावयाचे तर तिच्या पायऱ्या ठरविल्या पाहिजेत. पॅरिस येथील फ्लुरांस या शास्त्रज्ञाने त्याच वर्षी कुत्र्यांस व इतर प्राण्यांस ईथर देऊन असे पाहिले होते की, प्रथम प्राण्याची बुद्धी व इच्छाशक्ती लोपते, मग चालण्याचा तोल जातो, नंतर संवेदना व हालचाल जाते, आणि सर्वांच्या शेवटी श्वास थांबतो. म्हणजे मज्जासंस्थेचे निरनिराळे भाग एका ठरावीक क्रमाने झोपी जातात. स्नो यांनी हे ज्ञान आपल्या रोग्यांच्या निरीक्षणाशी जुळवून १८४७ च्या शरदऋतूत ईथरवर एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात गुंगीचे पाच टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात मनुष्यास आपण कोठे आहो हे कळत असते, मात्र अंग निराळे वाटू लागते. दुसऱ्यात मन चालते पण भरकटते. मनुष्य स्वप्नात बोलल्याप्रमाणे बडबडतो. तिसऱ्यात मनाचा व्यापार बंद पडतो, तरी स्नायू ताठ असू शकतात आणि पापणीस बोट लाविले तर ती मिटते. चौथ्यात हातपाय सैल पडतात, घोरल्यासारखा श्वास चालतो आणि काही केले तरी शरीर हालत नाही. पाचव्यात श्वासच अडखळू लागतो, आणि त्यापुढे मृत्यू.

हा पाचवा टप्पा स्नो यांनी मनुष्यात पाहिला नव्हता. तो त्यांनी केवळ प्राण्यांत पाहिला होता, आणि मनुष्यात तो कधीही पाहावयास लागू नये एवढ्याकरिताच त्यांनी तो लिहून ठेविला. रस्ता कोठे तुटतो हे ठाऊक असल्यावाचून त्या रस्त्याने रात्री गाडी हाकणे धोक्याचे असते. स्नो यांच्या त्या अभ्यासिकेत पांढरे उंदीर, लहान पक्षी, बेडूक व गिनीपिग यांनी तो तुटलेला काठ दाखवून दिला. त्यांतील पुष्कळ जीव प्राणास मुकले. हे वाचताना मन खट्टू होते, आणि होऊ नये असेही आम्हांस वाटत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांस परवाना लागेल असा कायदा इंग्लंडात पुढे १८७६ साली झाला. स्नो यांच्या काळी तसे काही नव्हते. त्यांच्यापुढे बंधन होते ते त्यांच्या स्वतःच्या स्वभावाचे. जे औषध ते रोग्यास देत ते पुष्कळदा स्वतः हुंगून, समोर घड्याळ ठेवून, आपली शुद्ध केव्हा गेली व केव्हा आली याची टिपणे करीत, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिंप्सन यांनी क्लोरोफॉर्मने भूल देता येते हा शोध जाहीर केला. ईथरपेक्षा हे औषध गोड वासाचे, थोडक्यात काम करणारे आणि कोणत्याही उपकरणावाचून, रुमालावर शिंपडून देता येण्याजोगे होते. लोकांनी ईथर टाकून त्याचाच स्वीकार केला. परंतु तीन महिने लोटले नाहीत तोच २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळील विन्लॅटन या गावी हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी केवळ पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दोन-तीन मिनिटांत मरण पावली. ज्या भागात स्नो यांनी वैद्यकीचे पहिले धडे गिरविले त्याच भागातली ही गोष्ट. सिंप्सन यांचे म्हणणे असे पडले की, क्लोरोफॉर्मचा दोष नाही. शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात ओतलेले पाणी व ब्रँडी घशात अडकून मुलगी गुदमरली. स्नो यांस हे पटले नाही. कापडावर ओतलेल्या क्लोरोफॉर्मची वाफ हवेत शेकडा दहाहूनही पुष्कळ अधिक होऊ शकते, आणि असे दोन-चार श्वास एकदम घेतले तर हृदयच बंद पडते, असा त्यांचा सिद्धान्त होता.

तो पडताळून पाहण्यासाठी त्यांनी जे प्रयोग केले ते त्यांच्या साऱ्या कामात मला सर्वांत सुंदर वाटतात, यास्तव त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. एक काचेची बरणी घ्यावयाची. तीत किती घनइंच हवा मावते हे आधी मोजावयाचे. तीत प्राणी ठेवून क्लोरोफॉर्म तोलून घालावयाचे आणि तो प्राणी कोणत्या टप्प्यापर्यंत जाऊन स्थिर होतो हे पाहावयाचे. शंभर घनइंच हवेस एक ग्रेन क्लोरोफॉर्म असले तर उंदीर दुसऱ्या टप्प्यावर येऊन थांबे. कितीही वेळ ठेविला तरी पुढे जात नसे. दोन ग्रेन असले तर चौथा टप्पा. यावरून त्यांनी गणित मांडले. शरीराच्या उष्णतेस रक्तात जितके क्लोरोफॉर्म विरघळू शकेल त्याचा छप्पन्नावा हिस्सा रक्तात गेला म्हणजे दुसरा टप्पा येतो, आणि अठ्ठाविसावा हिस्सा गेला म्हणजे चौथा. बेडकाचे रक्त थंड. त्यास याहून कमी पुरे होई, आणि तेही गणितात बरोबर बसे. मग मनुष्याच्या अंगातील रक्ताचा अंदाज घेऊन त्यांनी ठरविले की, प्रौढ मनुष्याच्या रक्तात बारा मिनिम क्लोरोफॉर्म पोहोचले तर दुसरा टप्पा, अठरास तिसरा, चोविसास चौथा, आणि छत्तिसास श्वास बंद. मिनिम म्हणजे सुमारे एक थेंब. जीवन व मृत्यू यांच्यामध्ये अंतर किती, तर अवघे बारा थेंब! आणि पुष्कळ वैद्य हे औषध बाटलीतून अंदाजाने रुमालावर ओतीत होते.

स्नो यांनी हवेत या वाफेचे प्रमाण शेकडा चार-पाचांवर जाऊ देऊ नये असे सांगितले. शेवटच्या दहा वर्षांत त्यांनी चार हजारांहून अधिक लोकांस क्लोरोफॉर्म दिले, आणि १८४८ पासून प्रत्येकाची टिपणे रोजनिशीत लिहून ठेविली. त्या रोजनिश्यांचे तीन खंड लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेत जपून ठेविले आहेत.

या टिपणांतून त्यांस आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती सामान्य समजुतीच्या अगदी उलट होती. निद्रा आणि वेदनाशून्यता या दोन वस्तू एक नव्हेत. शस्त्रक्रिया संपून शुद्धीवर येत असलेला रोगी कधी कधी आनंदाने गप्पा मारी, आणि तेव्हाच त्याच्या जखमेस टाके घातले जात असत, पण त्यास दुखत नसे. उलट एखादा मनुष्य पूर्ण बेशुद्ध असूनही सुरी लागताच कण्हे व अंग आखडून घेई. शुद्धीवर आल्यावर त्यास काहीच आठवत नसे. म्हणून रोगी शांत आहे एवढ्यावरून त्यास दुखत नाही असे मानू नये, आणि कण्हतो एवढ्यावरून यातना भोगतो असेही समजू नये. दोहोंची परीक्षा वेगवेगळी केली पाहिजे.

याच ज्ञानाचा उपयोग त्यांनी ७ एप्रिल १८५३ रोजी सर्वांत नाजूक प्रसंगी केला. महाराणी व्हिक्टोरिया यांच्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यास स्नो यांस राजवाड्यात बोलावण्यात आले. त्यांनी महाराणीस बेशुद्ध केलेच नाही. प्रत्येक कळेबरोबर घडी केलेल्या रुमालावर पंधरा मिनिम एवढेच टाकीत ते त्रेपन्न मिनिटे बसून राहिले. महाराणी जाग्या होत्या, बोलत होत्या, आणि वेदना मात्र पुष्कळच कमी झाल्या होत्या. राजपुत्र लिओपोल्ड यांचा जन्म सुखरूप झाला. १८५७ साली राजकन्या बिॲट्रिस यांच्या वेळीही त्यांसच बोलावणे आले. या गोष्टीचा बोभाटा झाला आणि बाळंतपणात औषध घेण्याविषयीची लोकांची भीड चेपली. खुद्द स्नो मात्र उत्सुक लोकांच्या चौकशीस दाद देत नसत.

ज्या कामासाठी आज शाळेतील पुस्तकांत त्यांचे नाव येते ते पटकीविषयीचे काम थोडक्यात सांगतो. पटकी दूषित हवेने पसरते असे त्या काळचे बहुतेक विद्वान समजत. स्नो हे वाफ व वायू यांच्याबरोबर रोज वावरणारे. वायूचे विष हवेत मिसळताच विरळ होते आणि ते शरीरात शिरले तर आधी फुप्फुसांवर व रक्तावर परिणाम करील, हे त्यांस पक्के ठाऊक. पटकी तर आतड्यांपासून सुरू होते. तेव्हा विष पाण्यातून पोटात जात असले पाहिजे, असे त्यांनी १८४९ सालीच लिहिले, आणि १८५४ साली सोहोमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मेलेल्यांची घरे मोजून ते सिद्ध केले. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. बरणीतील उंदीर आणि पंपाभोवतीची घरे, दोन्हीकडे मोजणारा हात एकच होता.

क्लोरोफॉर्मपेक्षा निर्धोक असे औषध मिळावे म्हणून ते अखेरपर्यंत एकामागून एक द्रव्ये तपासीत राहिले. १८५६ साली ॲमिलीन नामक द्रव्य त्यांस फार आशादायक वाटले. परंतु त्याने दोन रोगी दगावताच त्यांनी ते स्वतः होऊन सोडून दिले. आपल्याच शोधाचा असा त्याग करणे सोपे नसते. क्लोरोफॉर्मवरील मोठा ग्रंथ लिहून होत आला असता १० जून १८५८ रोजी लिहिता लिहिताच त्यांस अर्धांगाचा झटका आला आणि १६ जून रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ते अविवाहित होते. त्यांचे मित्र डॉ. रिचर्डसन यांनी तो ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्यात क्लोरोफॉर्मने झालेल्या पन्नास मृत्यूंची एकेक करून चिकित्सा आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर क्लोरोफॉर्मचा वाद मिटला नाही. उलट तीस वर्षांनी तो आमच्या दारी येऊन पोहोचला. हैदराबाद संस्थानात, ज्यात त्या वेळी आपला मराठवाडाही मोडत असे, डॉ. एडवर्ड लॉरी नावाचे शस्त्रवैद्य वैद्यक शाळेचे प्रमुख होते. त्यांचे मत असे की, क्लोरोफॉर्मने हृदय आधी कधीच थांबत नाही. श्वास आधी थांबतो. तेव्हा श्वासावर नजर ठेवावी, नाडीची काळजी करू नये. १८८८ साली त्यांनी पुष्कळ कुत्र्यांस मरेपर्यंत क्लोरोफॉर्म देऊन हे सिद्ध केल्याचे जाहीर केले. लंडनच्या लॅन्सेट पत्राने शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊन १८८९ साली लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन यांस बोलाविले. पुन्हा शेकडो प्राण्यांवर, विशेषतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले आणि निकाल पुन्हा लॉरींच्या बाजूने लागला. लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाईंनी हैदराबादेत क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातील अगदी आरंभीच्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत त्यांची गणना होते.

निकाल लागला खरा, पण रोगी दगावतच राहिले. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून खरे कारण दाखविले. भूल खोल असताना नव्हे, तर ती अर्धवट चढलेली असतानाच हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन ते बंद पडू शकते. हैदराबादच्या कुत्र्यांस हळूहळू खोल गुंगीत नेण्यात आले होते, म्हणून त्यांच्यात श्वासच आधी थांबला. आणि पायाच्या नखाकरिता थोडेसे औषध घेणाऱ्या मुलीचे हृदय मात्र क्षणात थांबले. स्नो यांनी सांगितलेले कारण अपुरे ठरले, परंतु त्यांनी हृदयाविषयी बाळगलेली भीती खरी ठरली. पुढे अधिक निर्धोक औषधे निघाली आणि क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियेच्या खोलीतून नाहीसे झाले.

स्नो यांची रीत मात्र राहिली. १९६३ साली अमेरिकेत मर्केल व एगर यांनी हॅलोथेन नावाच्या औषधाचे माप कुत्र्यांवरच ठरविले. शेपटीस चिमटा लावावयाचा, आणि श्वासाच्या शेवटी फुप्फुसांतून बाहेर येणाऱ्या हवेत वाफेचे प्रमाण किती असले म्हणजे कुत्रा हालत नाही ते पाहावयाचे. निरनिराळ्या औषधांची शक्ती एकाच गजाने मोजण्याची ही पद्धत पुढे मनुष्यासही लागू झाली. परंतु न हालणारे जनावर वेदनामुक्त असेलच असे नाही, हा स्नो यांचा जुना भेद पशुवैद्यांस फार उशिरा पटला. नुसत्या गुंगीच्या औषधाने कुत्रा मान टाकून पडतो, हाक मारली तर ओ देत नाही, आणि जखम मात्र ठणकत असते. यास्तव पशुवैद्य आता गुंगीचे गुण वेगळे मांडतात व वेदनेचे वेगळे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे यासाठी तयार झालेल्या कोष्टकात कुत्रा कण्हतो काय, जखमेकडे वळून पाहतो काय, उठून कसा चालतो, जखमेभोवती दोन इंचांवर हलकेच दाबले असता काय करतो, हे पाहून गुण देतात. चोविसांपैकी सहा गुण भरले की वेदनाशामक औषध द्यावे असा नियम आहे.